काय लागतं आणि काय नुसतं लावलेलं असतं : इंदूरच्या तीन घरांची नोंदवही

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आजपासून तिन्ही घरांतले टीव्ही बंद. घर अ : लोकमान्य नगर, पाच माणसं, स्वतंत्र घर आणि वर गच्ची. घर ब : राजेंद्र नगर, तीन माणसं, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. घर क : सुदामा नगर, दोघंच, दोघंही सत्तरीपुढचे, एकाला इन्सुलिन चालू. मुदत पाऊस लागेपर्यंत. टीव्हीनंतर एकेक करून बाकीच्या वस्तूंची पाळी.

पद्धत अशी. वस्तू बंद करण्याआधी ती घरात कोणकोणती कामं करते ते लिहायचं. बंद केल्यावर पंधरा दिवसांनी त्यातलं कुठलं काम अडलं, कुठलं दुसऱ्या कशानं उचललं आणि कुठल्याची कोणाला आठवणही झाली नाही, ते लिहायचं. "ही वस्तू गरजेची आहे का?" हा प्रश्न वहीत घ्यायचा नाही. तो विचारला की प्रत्येक जण हो म्हणतो आणि काम तिथेच संपतं.

टीव्हीची कामं, तिन्ही घरांची मिळून : बातम्या, हवामान, क्रिकेट, मालिका, सकाळचं कीर्तन, स्वयंपाक करताना मागे आवाज, दुपारी एकट्या माणसाला सोबत, घड्याळ (अमुक मालिका संपली की पानं घ्यायची), आणि पाहुण्याशी बोलायला काही नसलं की दोघांनी बघायची एक जागा. शेवटची चार कामं सुरुवातीला कोणीच लिहिली नव्हती. ती खोदून काढावी लागली.

४ फेब्रुवारी

मोजणी. स्वस्तातलं प्लग-इन वॉटमीटर दोन-तीन वॉटच्या खाली भरवशाचं नसतं. म्हणून घराच्या मीटरवरचा लाल दिवा वापरला. मीटरच्या तोंडावर एका युनिटला किती वेळा दिवा लुकलुकतो ते छापलेलं असतं, आपल्याकडे ३२००. दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद गेले ते मोजायचं आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचं. उत्तर वॉटमध्ये. मीटरवर १६०० असेल तर ११२५ च्या जागी २२५०. एकाच लुकलुकीवर भरवसा ठेवू नये, दहांची सरासरी घ्यावी. फ्रिजचा प्लग काढूनच बसावं, नाहीतर मध्येच कॉम्प्रेसर सुरू होतो आणि आकडा उडतो.

घर अ, रात्री साडेअकरा, सगळं "बंद" : दर २७ सेकंदांनी एक लुकलुक, म्हणजे ४१ वॉटच्या आसपास. मग एकेक प्लग काढत पुन्हा मोजणी. इन्व्हर्टर १६, सेट टॉप बॉक्स ११, राउटर ८, मायक्रोवेव्हचं घड्याळ ३, एसी २, टीव्ही १. महिन्याला साडेएकोणतीस युनिटं, कोणी काही वापरत नसताना.

५ फेब्रुवारी

सेट टॉप बॉक्सवर वेगळी नोंद हवी. रिमोटनं बंद केला की हिरवा दिवा लाल होतो, एवढंच. आत ट्यूनर चालू, गच्चीवरच्या छत्रीच्या टोकाला असतो त्या एलएनबीला (उपग्रहाचा सिग्नल पकडणारा डबा) लागणारा १३ ते १८ व्होल्टचा पुरवठाही बॉक्सच देतो, आणि तो कार्यक्रमांची यादी उतरवून घेत बसतो. चालू असताना साडेअकरा वॉट, "बंद" असताना अकरा.

३२ इंची टीव्ही ४४ वॉट, रोज साडेचार तास : महिन्याला ६ युनिटं. बॉक्स अकरा वॉट, चोवीस तास : ८ युनिटं. टीव्ही बघण्यापेक्षा न बघणं महाग पडत होतं. ज्यांना टीव्ही सोडायचा नाही त्यांनी निदान बॉक्सला भिंतीचं वेगळं बटण द्यावं. सकाळी पुन्हा लावल्यावर चित्र यायला एक-दोन मिनिटं जातात, तेवढा वेळ सोसावा.

आठ युनिटांचं काय एवढं, असं मध्य प्रदेशात तरी म्हणू नये. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तर पहिली १०० युनिटं १०० रुपयांत. १५० च्या वर गेलं की सवलत सगळ्याच युनिटांवरून जाते, नुसत्या वरच्या युनिटांवरून नाही. घर क चं जानेवारीचं बिल १६३ युनिटांचं आहे.

९ फेब्रुवारी

घर अ चा टीव्ही भिंतीवरून उतरवला. पॅनेल आडवं झोपवून ठेवायचं नाही, मधोमध दाब येतो. मूळ खोक्यात उभंच ठेवलं. रिमोटमधले सेल काढले. सहा महिन्यांत ते पाझरले तर स्प्रिंगा खाऊन टाकतात. भिंतीतल्या चार भोकांतले प्लास्टिकचे गिट्टे पक्कडीनं ओढून काढले आणि वॉलपुट्टी दोन थरांत भरली. एका थरात भरली की वाळताना खळगा पडतो.

गच्चीवरून घरात येणाऱ्या केबलचं भोक बाहेरून आत उतरतं होतं. पावसाळ्यात भिंतीवर ओल यायची तिचं कारण हेच निघालं, पाणी केबलला धरून आत येत होतं. भोक नेहमी आतून बाहेर उतरतं पाडायला हवं आणि बाहेर केबलला खाली एक झोळ द्यायला हवा, म्हणजे थेंब तिथून गळतो. भोक सिमेंटनं बुजवलं. चौदा मीटर आरजी-६ केबल हाती आली, ती टाकली नाही.

माळ्यावर जुना नळीचा टीव्हीही निघाला. तो उघडू नये आणि कबाड्यापुढे फोडूही देऊ नये. नळीच्या काचेत शिसं असतं, आत निर्वात असल्यानं मान मोडली की काच उडते. कचरागाडीला सहा वेगळे कप्पे आहेत, त्यातला एक इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा. पण एवढं धूड त्यात मावत नाही, आधी महापालिकेच्या झोनच्या माणसाला सांगून ठेवावं लागतं.

१२ फेब्रुवारी

घर क मध्ये कीर्तन आणि दुपारची सोबत ही दोन कामं रेडिओकडे दिली. आकाशवाणीचं इंदूर केंद्र मालवा हाऊसमध्ये आहे, १९५५ पासूनचं. घर क ला विविध भारती साध्या दांडीवर स्वच्छ लागली. घर ब ला नाही. मधली खोली, चहूकडे सळ्यांचं काँक्रीट. मीडियम वेव्ह लावून पाहिली तर एलईडी दिव्यांचा आणि पंख्याच्या रेग्युलेटरचा घरघराट. दिवे मालवल्यावर अर्धा उतरला, यावरून चोर सापडला.

एफएमसाठी अँटेना उरलेल्या केबलचाच केला. ७१२५ ला मेगाहर्ट्झनं भागलं की एका बाजूच्या तारेची लांबी सेंटिमीटरमध्ये मिळते. पट्ट्याच्या मधलं ९८ धरलं, ७३ सेंमी आलं. साध्या तांब्याच्या वायरचे ७३ सेंमीचे दोन तुकडे. एक केबलच्या आतल्या तारेला, दुसरा वरच्या जाळीला जोडायचा आणि दोन्ही एका सरळ रेषेत, एकमेकांच्या उलट दिशांना पट्टीवर ताणून खिडकीत बांधायचे. अशा अँटेनाचा रोध ७३ ओहमच्या आसपास, आरजी-६ चा ७५, त्यामुळे मध्ये काही लागत नाही. रेडिओकडच्या टोकाला आतली तार दांडीला चिमट्यानं आणि जाळी बॅटरीच्या ऋण टोकाला.

पहिल्या खेपेला नुसती खरखर. जाळीचा एक केसासारखा धागा आतल्या तारेला चिकटलेला होता. जाळी मागे वळून पिळून घ्यावी, कापून सोडू नये.

१८ फेब्रुवारी

टीव्हीचे पंधरा दिवस. मालिकांची आठवण आठ दिवसांत गेली. बातम्या वर्तमानपत्रानं भागल्या. हवामान फोनवर. घड्याळाचं काम मात्र अडलं. घर अ मध्ये रात्रीची पानं साडेआठवरून पावणेदहावर गेली, कारण "आता संपलं" असं सांगणारं काही उरलं नाही. भिंतीवरचं घड्याळ वेळ सांगतं, संपलं असं सांगत नाही.

खरी गडबड दुसरीकडे आहे. घर अ मधल्या तीन फोनांचा स्क्रीनवेळ टीव्ही असताना सरासरी २ तास ४० मिनिटं होता. आता ३ तास ५५ मिनिटं. डेटा रोज १.४ जीबीवरून २.६ जीबी. टीव्हीची जागा रिकामी झालीच नाही, तिचे तीन तुकडे होऊन तीन खोल्यांत गेले. टीव्हीला एक बरं असतं की कोणीतरी "बंद करा आता" म्हणतं. फोनला तसं म्हणणारं माणूस त्या खोलीत नसतं. हे जमलं नाही तर बाकीच्या प्रयोगाला फारसा अर्थ नाही, असं आमचं मत झालं आहे.

उपाय : हॉलमध्ये कपाटावर एक फळी, तीवर चार चार्जिंग पिनांचा बोर्ड. बाकी खोल्यांतले चार्जर काढून घेतले. फोन रात्री साडेनऊला फळीवर. गजरासाठी सेलवरचं साधं घड्याळ. ते आधी आणावं, नाहीतर "गजर लावायचाय" म्हणून फोन पुन्हा उशाशी जातो. घर ब मध्ये नेमकं तेच झालं. राउटरला यांत्रिक टायमर, रात्री साडेदहा ते सकाळी साडेपाच बंद. लाइट जाऊन आली की टायमर तेवढा मागे पडतो. महिन्यातून एकदा काटा जुळवावा.

२३ फेब्रुवारी

गीझर. घर ब, १५ लिटर, २ किलोवॉट, थर्मोस्टॅट ६५ वर, बटण दिवसभर चालू. एक अख्खा दिवस थेंबही पाणी न काढता नुसता ठेवला : ०.८ युनिट. ही फक्त टाकीच्या अंगातून जाणारी ऊब. आता आंघोळीआधी १८ मिनिटं चालू, मग बंद. ०.६ युनिटात १५ लिटर पाणी साधारण ३४ अंशांनी चढतं. नळाचं १८ होतं, ५२ झालं. थंड मिसळून दोन बादल्या सहज.

घर अ च्या गच्चीवर काळा रंग दिलेलं दहा लिटरचं अॅल्युमिनियमचं पातेलं, वर काच, खाली थर्मोकोल. दुपारी तीनला २२ चं ४८. काम चोख, पण आंघोळ दुपारी तीनला करणारं कोणी घरात नाही. संध्याकाळच्या भांड्यांना वापरतो. गीझर राहिला, चालू ठेवायची सवय गेली.

६ मार्च

पाणी शुद्ध करणारं यंत्र, म्हणजे आरओ (बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार अडवणारं). हा विषय सगळ्यांत गुंतलेला निघाला, म्हणून तीन दिवस दिले.

घर ब मध्ये नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, मधल्या दिवशी बोरिंग. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) मीटरवर नर्मदा २५०, बोरिंग ८२०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) ५०० पर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतं. म्हणजे नर्मदेच्या पाण्याला आरओचं कामच नाही.

दोन बादल्या लावून बोरिंगच्या पाण्यावर दहा मिनिटं मोजलं : शुद्ध २.१ लिटर, फेकलेलं ६ लिटर. चार भागांतले जवळजवळ तीन गटारात. घराला पिण्या-रांधायला १५ लिटर लागतं, म्हणजे रोज ४३ लिटर फेक. नर्मदा लावली तरी फेक थोडीफार तेवढीच. आणि ती मंडलेश्वरजवळच्या जलूदहून विंध्याचा चढ चढवून सत्तर किलोमीटर आणलेली असते, १९७८ पासून. एवढं करून घरात आलेलं पाणी पाऊण मोरीत सोडायचं, आणि उरलेलं १८ टीडीएसचं बेचव पाणी प्यायचं.

म्हणून आरओ काढून टाका असं मात्र लिहिता येत नाही, कारण टीडीएस मीटर जंतू दाखवत नाही. २५० चं पाणी गढूळ गटारमिश्रित असलं तरी मीटर २५०-३०० च दाखवील. या मीटरच्या आकड्यावर निर्धास्त होणं ही आम्ही पाहिलेली सगळ्यांत धोक्याची चूक.

८ मार्च

दोन चाचण्या. एक, क्लोरीनचे थेंब (ऑर्थोटोलिडिन) : पाणी फिकं पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. मानक नळाशी निदान ०.२ मिलिग्रॅम मागतं. नळाचं ताजं पाणी पिवळं झालं. तेच पाणी टाकीत ३६ तास राहिल्यावर रंगच नाही. दोन, जंतू असले तर काळी होणारी चाचणीची बाटली : २० मिलि पाणी भरून ४८ तास उबदार जागी. नळ सुरू झाल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांचं पाणी आणि वीस मिनिटांनंतरचं, असे दोन नमुने.

१० मार्च

पहिल्या पाच मिनिटांची बाटली काळी, दुसरी स्वच्छ. कारण समजण्यासारखं आहे. एक दिवसाआड नळ म्हणजे मधल्या वेळात पाइप रिकामा. त्यात कोणी नळाला थेट मोटर लावली की पाइपात ओढ निर्माण होते आणि शेजारच्या नालीचं पाणी फटीतून आत शिरतं. तेव्हा पहिलं पाणी टाकीत घ्यायचंच नाही, अंगण आणि संडासाला वापरायचं. बाटली स्वच्छ निघाली म्हणजे पाणी कायमचं स्वच्छ असंही नाही, दर पंधरवड्याला चाचणी.

ठरलं ते असं. नर्मदेच्या पाण्याला गाळ अडवणारी नळी आणि ११ वॉटचा यूव्ही (अतिनील) दिवा, आरओचा पडदा बाजूला ठेवून. मेकॅनिककडून नळीला वेगळी फांदी काढून घेतली, दोन व्हॉल्व्ह लागले. यूव्हीला पाणी नितळच हवं, गढूळ पाण्यात जंतूंना सावली मिळते. लाइट नसेल किंवा शंका असेल तर उकळायचं, खळखळून एक मिनिट. बोरिंगचं प्यायची वेळ आलीच तर आरओ. फेकीचं पाणी १०८० टीडीएसचं, फरशी आणि संडासाला ठीक. कुंड्यांना घालू नये, पानांच्या कडा करपतात.

१९ मार्च

रंगपंचमी, गेर (इंदूरची रंगांची मिरवणूक). वहीला सुट्टी.

२६ मार्च

फ्रिज. कामं : दूध, भाजी, उरलेलं अन्न, विरजणाचा वेग आवरणं, थंड पाणी, बर्फ, औषध. घर क चा फ्रिज पंधरा वर्षांचा, २३० लिटर, रोज १.४ युनिट. दाराच्या रबरात दहाची नोट धरून ओढली, खालच्या बाजूला ती अडखळतच नव्हती. रबर बदललं, मागे भिंतीपासून चार बोटं जागा सोडली, जाळीवरची धूळ झाडली : १.१ युनिट.

इन्सुलिनच्या घरात फ्रिज बंद करण्याचा प्रयोग करायचा नाही. न उघडलेलं २ ते ८ अंशांतच लागतं. चालू पेन बाहेर चालतं, पण बहुतेक प्रकारांना ३० अंशांच्या आत, आणि मेमध्ये इंदूरची खोली त्यापुढे जाते. ठेवायचं मधल्या कप्प्यात. दारात तापमान हलतं, फ्रीझरला टेकलं तर गोठतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं.

२ एप्रिल

घर क चं मार्चचं बिल १४१ युनिटं, सवलत लागू. बॉक्स, रबर आणि उन्हाळा लागल्यानं बंद झालेला गीझर, तिघांचा वाटा. सगळं श्रेय टीव्हीला देऊ नये.

२४ एप्रिल

गच्चीच्या दाराशी हवा ३९.५ अंश, आर्द्रता १८ टक्के. माळव्याची ही कोरडी हवा म्हणजे फुकटचं यंत्र, पाणी उडून जाताना ऊब घेऊन जातं.

माठ : नवा चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवला, पहिली दोन पाणी टाकली. गच्चीच्या दारात सावलीला, तिवईवर, वारा लागेल असा ठेवला तर आतलं पाणी साडेचोवीस. तोच माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात : २९. माठ बिघडला म्हणतात त्यात निम्म्या वेळा जागा बिघडलेली असते. बोरिंगचं पाणी भरलं तर महिन्याभरात बाहेरून पांढरी खार फुटते आणि छिद्रं बुजतात. काथ्यानं घासावं, साबण लावू नये.

कूलर : १७० वॉट, आत येणारी हवा ३९.५, बाहेर पडणारी २७. समोरची खिडकी बोटभर तरी उघडी हवी. "गार हवा जाईल" म्हणून बंद केली की अर्ध्या तासात खोलीत दमटपणा कोंडतो आणि कूलरला नावं ठेवली जातात. पण कूलर फुकट नाही. तासाला दहा लिटरच्या घरात पाणी पितो, रात्रीचे आठ तास म्हणजे ऐंशी लिटर. एसी दीड किलोवॉट वीज मागतो, कूलर नर्मदा मागतो. एक दिवसाआड नळ असलेल्या शहरात हा सौदा मनात धरून करायला हवा.

आमची चूक : आरओचं फेकीचं पाणी कूलरमध्ये घातलं. फार हुशारी वाटली होती. बारा दिवसांत गवताच्या जाळ्या कडक पापुद्र्यासारख्या झाल्या आणि पंपाचं तोंड बुजलं. पाणी उडतं, क्षार तिथेच राहतात. आता साधं पाणी, आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

माठ आज सगळीकडे मांडलेले, निवडीला उत्तम दिवस. पाण्याचा घट द्यायचा तो दिला आणि भाजीसाठी दोन भांडी आणली : बाहेर सोळा इंची कुंडी, आत लहान माठ. कुंडीचं भोक लाकडी बुचानं बंद. तळाला तीन बोटं वाळू, आत माठ, भोवतीच्या फटीत वाळू, साधारण तेरा किलो. दिवसातून दोनदा दीड-दीड लिटर पाणी वाळूत, वर ओलं गोणपाट. झाकण गच्च बसवलं तर आत घाम धरतो, मेथी दुसऱ्या दिवशी काळी पडली. गोणपाट सैलच टाकावं. टोमॅटो आठ दिवस टिकले, ओट्यावर चार. कोथिंबीर तीन दिवस.

दूध आणि उरलेलं अन्न यात ठेवायचं नाही. आतलं तापमान २५, जंतूंना तेवढं आवडतंच. दुधाला दोनदा उकळणं आणि संध्याकाळी विरजण, हाच जुना रस्ता. घर अ नं फ्रिज ठेवला, पण लहान घेता आला असता असं मत झालं.

११ मे

बाकीचे झटपट. मिक्सर : पाचशे वॉट, रोज पाच मिनिटं, महिन्याला सव्वा युनिट. पाटा-वरवंट्याचं कौतुक वाटणारानं आठवडाभर वाटावं. राहिला. मायक्रोवेव्ह : अन्न गरम करण्यापलीकडे काम नव्हतं, कढई पुरली. गेला. धुलाई यंत्र : घर क मध्ये चादरी पिळायला मनगटं चालत नाहीत, तिथे हा विषय उघडलाच नाही. घर ब मध्ये आठवड्यातून चारऐवजी दोनदा, पूर्ण भरून.

गेल्या आठवड्यात वळवानं हवा दमट केली. माठ २७ वर, कुंडीतली भाजी लवकर उतरली. ही सगळी साधनं कोरड्या हवेची आहेत, भोपाळच्या तळ्याकाठी किंवा मुंबईत कोणी हे आकडे धरून बसू नये.

३ जून

आयपीएलचा अंतिम सामना. क्रिकेट हे एकच काम रेडिओनं आणि वर्तमानपत्रानं पूर्ण उचललं नव्हतं, लहानमोठे सगळे कुरकुरत होते. घर क चा टीव्ही एका दिवसासाठी लावला, तिन्ही घरं आणि शेजारी मिळून चौदा माणसं. टीव्ही आणि बॉक्स मिळून ५५ वॉट, माणशी चार. १९७५-७६ मध्ये 'साइट' या उपग्रहावरून शिक्षणाचे कार्यक्रम दाखवण्याच्या प्रयोगात मध्य प्रदेशासह सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांना एटीएस-६ उपग्रहावरून कार्यक्रम गेले, तेही असेच, गावाला एक संच आणि पुढे सगळं गाव. प्रत्येक खोलीत एक पडदा ही नंतरची चैन.

१८ जून

पाऊस लागला. कूलर : हवा ३३, आर्द्रता ६५ टक्के, बाहेर पडणारी २९ आणि अंगाला चिकट. पंप बंद करून नुसता पंखा. जाळ्या वाळवून काढल्या, ओल्याच ठेवल्या की वास धरतात. केबलचं बुजवलेलं भोक कोरडं आहे.

२२ जून

घर अ : टीव्ही खोक्यातच. फोनचा स्क्रीनवेळ २ तास ५ मिनिटांवर, फळी टिकली म्हणून. पानं पुन्हा साडेआठला. विविध भारतीवरच्या एका कार्यक्रमाची धून आता घड्याळाचं काम करते, हे कोणी ठरवून केलेलं नाही. घर ब : टीव्ही विकला, पण लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आला. तिथे नोंद अर्धीच. घर क : टीव्ही परत लावला, दुपारी दोन तास, बॉक्सला वेगळं बटण. एकट्या दुपारचं काम रेडिओनं महिनाभरच निभावलं. कानाला कमी ऐकू येतं, तोंडाची हालचाल दिसली की समजतं. ही गोष्ट पहिल्या दिवशी यादीत यायला हवी होती.

घर अ, रात्री साडेअकराला मीटर : ६२ सेकंदांनी एक लुकलुक, १८ वॉट. त्यातले १६ इन्व्हर्टरचे. तो नुसता बंद करून चालत नाही, बॅटरी पडून राहिली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो आणि ती मरते. ठेवायचा किंवा पुरता काढायचा. लाइट नेमकी किती वेळ जाते याचा आकडा कोणाकडेच नाही, "खूप जाते" आणि "कुठे जाते" एवढीच दोन मतं. मीटरच्या पेटीपाशी दोरीला पेन्सील बांधून पाठकोऱ्या कागदांची वही टांगली आहे. गेली की वेळ, आली की वेळ.